पोटातला गोळा

बहुतेक आजारांत आधी निदान होते आणि मग उपचार. स्तनातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढता येतो. तोंडातल्या चट्ट्याचा कण तपासता येतो. गर्भाशयाच्या मुखाची बायोप्सी तर बाह्यरुग्ण विभागातही होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी आपल्याला काय झाले आहे, हे रुग्णाला ठाऊक असते. अंडाशयाच्या गाठीचे तसे नाही. अंडाशय ओटीपोटात खोलवर असतो. तिथल्या गाठीत सुई टोचली आणि ती कर्करोगाची निघाली, तर आतला द्रव पोटात सांडून, एका आवरणात बंद असलेला रोग पसरण्याची भीती असते. रोग आधीच सगळीकडे पसरलेला दिसत असेल तर गोष्ट वेगळी. मग तुकडा तपासून आधी केमोथेरपी देतात. पण गाठ एका जागी असेल तर ती शक्यतो अखंड बाहेर काढायची आणि मगच तपासायची, हा शस्त्रक्रियेचा नियम आहे. म्हणजे इथे शस्त्रक्रिया हीच तपासणी आणि शस्त्रक्रिया हाच उपचार. आपल्याला कर्करोग आहे की नाही, हे ठाऊक नसताना बाईला भूल घ्यावी लागते. जागे झाल्यावर आपल्या शरीरातले काय राहिले असेल आणि काय गेले असेल, हेही तिला नक्की ठाऊक नसते.

या लेखाचा विषय ती मधल्या दिवसांची धास्ती आहे. मी तळेगाव दाभाड्याला राहते. वयाच्या ५६व्या वर्षी मी स्वतः या वाटेने गेले. सोनोग्राफीपासून शस्त्रक्रियेपर्यंत २३ दिवस होते. त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, आणि वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या, याच प्रसंगातून गेलेल्या बायकांशी बोलले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे. माझे अनुभव येतील ते दाखल्यापुरते.

आजारपणाची भाषा

खूप भीती वाटली की मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. पोटातल्या गाठीलाही आपल्याकडे गोळाच म्हणतात. ‘तिच्या पोटात गोळा निघाला’ हे वाक्य मावळात मी कितीदा तरी ऐकले आहे. एकाच शब्दात आजार आणि त्याची भीती, असे दोन्ही राहतात.

दुसरा शब्दप्रयोग ‘अंगावर काढणे’. याला दुसऱ्या भाषेत चपखल प्रतिशब्द मिळणे कठीण. दुखणे आहे हे कळते, पण त्याला नाव द्यायचे नाही, ते घरात सांगायचे नाही, काम करत करत ते अंगावर जिरवायचे. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे अगदी या सवयीच्या सोयीची आहेत. पोट फुगल्यासारखे वाटणे, चार घासांत पोट भरणे, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला जावे लागणे. यातले काहीही सांगितले तर ‘गॅसेस असतील’, ‘वय झालं आता’, ‘पाळी जातेय ना, मग होतं असं’ ही उत्तरे ठरलेली. लक्षण नवे असेल आणि दोन-तीन आठवडे जवळपास रोज जाणवत असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी, हे साधे सूत्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मावळात या अंगावर काढण्याला हंगामाचीही जोड आहे. आषाढात भातलावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आज महाराष्ट्रभर वास घेऊन खाल्ला जातो. तो चिखलात वाकून लावणाऱ्या बायकांचे ओटीपोट दुखते आहे की कंबर, हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही. लोणावळ्याकडे पावसाळी पर्यटकांचा हंगाम असतो. बंगल्यांची झाडलोट, खानावळींतली भाकरी, चिक्कीच्या कारखान्यातले पॅकिंग. कामशेतजवळच्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “लावणी होऊ दे, मग बघू. गोळा काय पळून जातोय?” लावणी झाली, गणपती झाले, कापणी झाली. त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा मार्गशीर्ष लागला होता.

बाईचे दुखणे न सांगण्यामागे लाजही आहे, आणि तिचा इतिहास जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची गरज ठामपणे मांडली होती. आपल्या बायका पुरुषाजवळ आपले दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. चार वर्षांनी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. आज तालुक्याच्या गावीही स्त्रीरोगतज्ज्ञ बाई असतात. तरीही ‘खालचं दुखणं’ या दोन शब्दांत गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय सगळे एकत्र कोंबले जाते. ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढला, एवढे कळते; अंडाशय ठेवले की काढले हे बहुतेकींना सांगता येत नाही. ज्या अवयवाला आपल्या बोलीत धड नावही नाही, त्याच्याविषयीची भीती बोलून दाखवायची तरी कशी?

संशय म्हणजे नेमका किती?

धास्तीची सुरुवात बहुधा एका आकड्याने होते. रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीए-१२५’ समोर एक संख्या ठळक अक्षरांत छापलेली असते आणि शेजारी ‘३५ पर्यंत सामान्य’ असे लिहिलेले असते. माझी संख्या ६२ होती. ठळक छपाईचा अर्थ यंत्राच्या भाषेत ‘मर्यादेबाहेर’ एवढाच. वाचणारी मात्र त्यात निकाल वाचते.

सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. १९८१ साली रॉबर्ट बास्ट या अमेरिकी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखू शकणारे प्रतिपिंड तयार केले. १२५ हा प्रयोगशाळेतला अनुक्रमांक आहे, रोगाच्या तीव्रतेशी त्याचा संबंध नाही. हे प्रथिन पोटाच्या आतल्या अस्तराला कशानेही त्रास झाला तरी वाढू शकते. एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, गर्भारपण, एवढेच काय, मासिक पाळीतही ते वाढते. आपल्या देशात आणखी एक महत्त्वाचे कारण आहे, पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजन घटलेले, सीए-१२५ शेकड्यांत, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गोळा. हे चित्र हुबेहूब कर्करोगाचे वाटते आणि निघतो क्षय, जो गोळ्यांनी बरा होतो. उलट बाजूही सांगायला हवी. कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात निम्म्याच्या आसपास रुग्णांत हा आकडा वाढलेला नसतो. म्हणजे एकट्या आकड्याने घाबरायचे कारण नाही आणि एकट्या आकड्याने निर्धास्त व्हायचेही कारण नाही.

म्हणून डॉक्टर तीन गोष्टींचा गुणाकार करतात. ही पद्धत लंडनच्या इयान जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. सोनोग्राफीत पाच खुणा पाहायच्या: गाठीत अनेक कप्पे, घन भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याचे चिन्ह. एकही खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. या दोन्हींना सीए-१२५ च्या आकड्याने गुणायचे. माझ्या गाठीत कप्पेही होते आणि घन भागही. पाळी गेलेली होती. ३ गुणिले ३ गुणिले ६२, म्हणजे ५५८. सर्वसाधारणपणे २०० च्या वर गेले की गाठ ‘संशयास्पद’ मानतात. पाळी चालू असलेल्या, एकाच खुणेच्या, पण सीए-१२५ १५० असलेल्या तरुण बाईचा गुणाकार १५० येतो. तिचा रक्ताचा आकडा माझ्या दुपटीहून मोठा, तरी संशय कमी.

हा हिशेब समजल्यावर मला एक गोष्ट उमगली. २०० च्या वरचा आकडा ‘कर्करोग आहे’ असे सांगत नाही. तो सांगतो, की ही शस्त्रक्रिया कर्करोगाच्या शस्त्रक्रियांची सवय असलेल्या स्त्रीरोग-शल्यविशारदाने, तशी सोय असलेल्या ठिकाणी करावी. कारण गाठ वाईट निघाली तर पहिलीच शस्त्रक्रिया पूर्ण आणि नीट होण्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. मावळातल्या बाईला पुण्याला किंवा परळला पाठवतात तेव्हा घरात रडारड होते: “इथं जमत नाही म्हणाले, म्हणजे संपलंच.” खरे तर ते पाठवणे ही सावधगिरी असते.

घोड्यावरून साठ मैल

अंडाशयाची गाठ काढण्याची वैद्यकाच्या इतिहासातली पहिली गाजलेली यशस्वी शस्त्रक्रिया १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात झाली. जेन टॉड क्रॉफर्ड ही शेतकरी कुटुंबातली, पंचेचाळिशी गाठलेली बाई. पोट इतके वाढलेले, की सगळ्यांना ती गर्भार वाटत होती. एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा गोळा आहे, तो काढण्याचा प्रयोग आजवर कोणी यशस्वी केलेला नाही आणि यात मृत्यू येऊ शकतो. तिची तयारी असेल तर तिने त्यांच्या गावी यावे. ती थंडीत घोड्यावर बसून साधारण साठ मैल गेली. भूल नव्हती, ईथरचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये व्हायला अजून ३७ वर्षे होती. डॉक्टरांनी सुमारे २५ मिनिटांत २२ पौंडांहून जड गोळा काढला. तेवढा वेळ ती बायबलातली स्तोत्रे म्हणत राहिली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले तर बाई स्वतःचे अंथरूण आवरत होती. पुढे ती ३२ वर्षे जगली.

ही कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. डॉक्टरांनी तिला खरे सांगितले. निर्णय तिच्यावर सोपवला. आणि चाकूच्या वेळी तिच्याजवळ तोंडात धरायला काहीतरी होते: पाठ असलेले, लयीत म्हणता येणारे शब्द. पुढच्या दोनशे वर्षांत धास्तीवर जे संशोधन झाले ते घडीघडीने याच तीन गोष्टींपाशी येते.

काळजीचे काम

आधी हे पाहू, की ‘माहीत नाही’ ही अवस्था इतकी का छळते. २०१६ साली लंडनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४५ जणांना संगणकावर खेळ दिला. दगड उचलायचा, खाली साप असेल तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. घाम आणि बाहुल्यांचा आकार मोजून ताण किती हे पाहिले. झटका बसणारच असे ठाऊक असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता. संशयित गाठ घेऊन दिवस काढणारी बाई नेमकी त्या निम्म्या-निम्म्याच्या जागी उभी असते. ‘एकदाचा कॅन्सर म्हणून सांगितलं असतं तरी बरं’ असे कोणी म्हणाली, तर तो वेडेपणा समजू नये.

मग हा ताण पूर्ण घालवावा का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अजिबात न घाबरलेले रुग्ण नंतरच्या वेदनांनी चिडले, संतापले. अति घाबरलेले आधीही आणि नंतरही अस्वस्थ राहिले. मध्यम घाबरलेले सर्वांत नीट सावरले, असे त्यांना दिसले. पुढच्या अभ्यासांत हे चित्र सरसकट टिकले नाही, पण त्यांनी मांडलेली एक कल्पना टिकली. काळजी हे मनाचे काम आहे. येणाऱ्या प्रसंगाची मनात आधी उजळणी करणे, हे ते काम. मराठीत तर ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ यांत क्रियापद तेवढे बदलते. उजळणीला काही सामग्री मिळाली तर पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते. सामग्री नसेल तर तोच विचार चरकातल्या उसासारखा पुन्हा पुन्हा फिरतो.

ती सामग्री म्हणजे माहिती. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरचा अभ्यास छापला. काहींना आदल्या रात्री भेटून सांगितले: जाग आल्यावर दुखेल, ते इथे दुखेल, इतके दिवस दुखेल, स्नायू आवळल्याने ते वाढते, ते सैल असे सोडायचे, कुशीवर असे वळायचे. दुसऱ्या गटाला हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले त्यांना वेदनाशामक निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. कोणाला काय सांगितले हे त्यांच्या शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. ‘दुखणार नाही हो’ या आश्वासनापेक्षा ‘दुखेल, पण असे दुखेल’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते, हे यातून दिसले.

मात्र सगळ्यांना सगळे सांगावे का? सुझॅन मिलर आणि चार्ल्स मँगन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीला आलेल्या बायकांचे दोन गट पाहिले. काहींचा स्वभाव बारीकसारीक जाणून घेण्याचा, काहींचा लक्ष दुसरीकडे वळवण्याचा. पहिल्या प्रकारच्या बायका भरपूर माहिती मिळाली की शांत होत. दुसऱ्या प्रकारच्या, थोडक्यात सांगितले की. उलटे केले की दोघींची धडधड वाढे. मी पहिल्या प्रकारची. रिपोर्टचा शब्द न् शब्द मला समजून घ्यायचा होता. लोणावळ्याच्या माझ्या एका मैत्रिणीने, जिची शस्त्रक्रिया माझ्यानंतर दोन वर्षांनी झाली, सगळे कागद वहिनीच्या हाती दिले आणि म्हणाली, “मला फक्त किती वाजता यायचं ते सांग.” तिने तीन आठवडे गोधडी शिवली. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी आधी एवढेच विचारावे: तुला किती जाणून घ्यायचे आहे?

हे विचारण्यासाठी एक छोटे साधनही आहे. १९९६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भूलतज्ज्ञांनी सहा विधानांची प्रश्नावली तयार केली. चार विधाने काळजीची, भुलेविषयी दोन आणि शस्त्रक्रियेविषयी दोन. उरलेली दोन माहितीच्या इच्छेची. प्रत्येकाला १ ते ५ गुण. दोन मिनिटांत कळते, की बाईला भूल जास्त भिववते आहे की चाकू, आणि तिला ऐकायचे आहे की नाही. अनेकींना खरी भीती भुलेची असते: ‘जाग आलीच नाही तर?’ ती भीती शल्यविशारदाला सांगून उपयोग नाही. भूलतज्ज्ञांची आधीची भेट मागून घ्यावी. दमा, दाताची कवळी, चालू गोळ्या, कोणाच्या सांगण्यावरून घेत असलेले काढे व चूर्णे, हे सगळे त्यांना सांगावे. यातली काही औषधे रक्त पातळ करतात.

लोणावळ्याचा श्वास

लयीत म्हटलेल्या शब्दांकडे आता वळते, आणि इथे आमच्या मावळाचा वाटा आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांत शरीराच्या आत काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहायचे, हा त्या काळी अगदी नवा विचार होता. माझ्या दृष्टीने त्यांचा सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष प्राणायामाविषयीचा आहे. प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. कुवलयानंदांच्या मोजमापांत तसे दिसले नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूत नसून मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असे त्यांनी मांडले. १९३१ च्या त्यांच्या ‘प्राणायाम’ या पुस्तकामागे हीच दृष्टी आहे.

पुढे इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या २००१ सालच्या अभ्यासाने याला वेगळ्या बाजूने दुजोरा दिला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी हृदयाची यंत्रणा अधिक तल्लख झाली. धर्म वेगळे, परिणाम एक. दीर्घ ओळ एका श्वासात म्हणायची तर उच्छ्वास लांबतोच, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. इंद्रायणीच्या काठच्या बायका हरिपाठ म्हणतात, भंडारा डोंगराच्या पायथ्याशी तुकोबांचे नाव घेतात, कार्ल्याच्या एकवीरेला साकडे घालतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण पाठ असलेल्या ओळींची लय भेदरलेल्या शरीराला हाताशी मिळते, एवढे शास्त्रालाही मान्य व्हावे. श्रद्धा नसलेलीने आकडे मोजावेत. चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. मी तेच केले. स्ट्रेचरवर छताचे दिवे मोजत मी सहाचे आवर्तन करत होते. धास्ती गेली नाही. ती धरण्याजोगी झाली.

याची मर्यादा ठळकपणे सांगितली पाहिजे. श्वासाने गाठ विरघळत नाही. ‘दोन महिने प्राणायाम करून बघ, मग ठरव’ हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. शिवाय मोठ्या गाठीला पीळ पडू शकतो किंवा ती फुटू शकते. म्हणून कपालभाती, उड्डियान, नौली यांसारख्या पोटाला झटके किंवा ताण देणाऱ्या क्रिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. अचानक असह्य पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

सही कोणाची?

धास्तीचा मोठा भाग निर्णयाचा असतो. शस्त्रक्रियेत गाठ काढली की ती लगेच विकृतिशास्त्र विभागात जाते. तिथे तुकडा साधारण उणे २० अंशांना गोठवून पातळ कापतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अर्ध्या तासाच्या आसपास निरोप येतो: साधी, वाईट किंवा सांगता येत नाही. तोवर बाई भुलेत. गाठ साधी असेल तर काम तिथे थांबते. वाईट असेल तर दोन्ही अंडाशय, नलिका, गर्भाशय, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, काही लसिकाग्रंथी, असा पसारा वाढतो. पाळी चालू असलेल्या बाईचे दोन्ही अंडाशय गेले तर पाळी त्या दिवसापासून बंद होते. मूल हवे असलेल्या तरुणीचा एक अंडाशय व गर्भाशय राखता येईल का, हा प्रश्न फक्त आधीच विचारता येतो.

म्हणून ‘काय लागेल ते करा डॉक्टर’ एवढ्यावर भागत नाही. या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातला २००८ चा निकाल प्रत्येकीला ठाऊक असावा. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाईने दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. तातडीचा धोका नसताना, सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे ‘मिस्टरांची सही आणा’ ही रीत रूढ आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला कायद्याने तिचीच सही लागते.

मी चार प्रश्न कागदावर लिहून नेले. गाठ साधी निघाली तर काय काढाल? वाईट निघाली तर काय काढाल? निरोप अनिश्चित आला तर तेव्हा थांबाल की पुढे जाल? मी जागी झाल्यावर मला कोण सांगेल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संमतिपत्रावर लिहून घेतली. चौथ्याचे उत्तर डॉक्टरांनी माझ्या मुलाकडे बघत दिले. मी म्हटले, “त्याला नाही, मला. आणि गोलमाल नको.” घरात ‘तिला सांगू नका, खचेल’ अशी कुजबुज चालते तेव्हा बाईला ती ऐकू येतेच, आणि मग स्वयंपाकघरातल्या प्रत्येक थांबलेल्या वाक्यात ती वाईट बातमी शोधत राहते. घरच्यांच्या मायेतून आलेले हे मौनच तिची अनिश्चितता वाढवते.

निकालानंतर

टेबलावरचा निरोप ‘साधी’ असा आला होता. दहा दिवसांनी सविस्तर अहवाल आला: ‘बॉर्डरलाइन’. अंडाशयाच्या गाठींचा हा तिसरा प्रकार असतो. पेशी बिघडलेल्या, पण आजूबाजूला शिरकाव न केलेल्या. मोठ्या, चिकट द्रवाच्या गाठीत गोठवलेल्या तुकड्यावरून तो हमखास ओळखता येत नाही, कारण बिघाड एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो. केमोथेरपी लागली नाही. ठरावीक काळाने तपासणीला जाते. म्हणजे ज्या एका ‘हो की नाही’ची मी २३ दिवस वाट पाहिली, ते मला मिळालेच नाही.

शस्त्रक्रियेआधीची धास्ती निकालाने संपते, असे आपण समजतो. बोललेल्या बायकांपैकी ज्यांची गाठ साधी निघाली त्यांनाही पुढचे काही महिने पोटात जरा कळ आली की धसका बसे. ज्यांचा कर्करोग निघाला त्यांना प्रत्येक सीए-१२५ च्या आधीची रात्र तशीच जड जाई. म्हणून त्या मधल्या दिवसांत जे शिकायचे ते एकदा वापरून टाकून द्यायचे नसते. कळलेला आकडा नीट वाचणे, आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे ते ओळखणे, प्रश्न लिहून नेणे, सही स्वतः करणे, उच्छ्वास लांबवणे. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घरातल्या एखाद्याने शेजारी बसून ऐकण्याची तयारी. यंदाच्या कापणीत एखादी मावशी पोटावर हात ठेवून बांधावर बसलेली दिसली, तर ‘गॅसेस असतील’ म्हणण्याआधी तिला एवढेच विचारावे: किती दिवस झाले?